पाय बधिर होत असेल तर होडी डुगडुगणारच: टूरिंग कयाक निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५२, उंची १७५ सेंटीमीटर, वजन ८८ किलो. मित्राची १७ फुटी, २१ इंच रुंदीची कयाक, म्हणजे आत पाय पसरून बसायची अरुंद वल्ह्याची होडी, तुम्ही चार-पाच वेळा वल्हवलीत. दर वेळी पाऊण तासात उजवा पाय बधिर झाला आणि बाजूने लाट आली की होडी आता कलंडते की मग, असं वाटत राहिलं. आता स्वतःची टूरिंग, म्हणजे लांब सफरीची, कयाक घ्यायची आहे. तलाव, रुंद नदी, खाडी, शांत दिवशी किनाऱ्यालगतचा समुद्र. दिवसभराची सफर आणि अधूनमधून एक-दोन मुक्काम, एवढा वापर. एक जण म्हणतो ३० इंच रुंदीची घ्या, ती उलटतच नाही. दुसरा म्हणतो १७ फुटीच घ्या, सवय होईल. कुणाचं ऐकावं?

माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका. गेली वीसेक वर्षं मी लोकांना कयाक शिकवतो आणि त्यातला बराच वेळ माणूस आणि होडी यांचं जमवून देण्यात जातो. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत, एक पायाची आणि एक तोलाची. मला त्या दोन वाटत नाहीत. कयाकचा तोल कंबर, मांड्या आणि तळपाय यांच्यामार्फत सांभाळला जातो. पाय बधिर झाला की होडी कुठे झुकते आहे हे शरीराला उशिरा कळतं. मग माणूस कंबर ताठ करतो आणि कंबर ताठ झाली की होडीचा प्रत्येक हेलकावा थेट डोक्यापर्यंत पोहोचतो. कंबर सैल असेल तर होडी खाली डोलते आणि धड जागेवर राहतं. म्हणून आधी आसनाबद्दल सविस्तर लिहितो, रुंदीकडे नंतर येऊ.

पाय बधिर होण्याचं कारण बहुतेक वेळा बैठकीतच सापडतं. बैठक छोटी आणि सपाट असेल तर सगळं वजन नितंबांच्या दोन हाडांवर येतं आणि बैठकीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते. तिथूनच सायटिक नस जाते. त्यात पाय जवळजवळ सरळ पसरलेले असतात, त्यामुळे मांडीचे मागचे स्नायू ताणलेले राहतात आणि कंबर मागे ओढली जाते. तुमचा फक्त उजवाच पाय बधिर होतो, म्हणून एक साधी गोष्ट आधी तपासा: मागच्या खिशात पाकीट किंवा किल्ली असते का? हसण्यासारखी गोष्ट नाही, मी हे अनेकदा पाहिलं आहे. दुसरं, दोन्ही पायांचे फूटपेग, म्हणजे पाय टेकवायचे खुंट, एकाच खाचेवर आहेत का तेही बघा. एक खाच पुढेमागे असली तर कंबर तिरकी बसते आणि तासाभरात एक पाय बोलायला लागतो. घरी जमिनीवर बसूनसुद्धा तोच पाय बधिर होत असेल, तर मात्र होडीआधी डॉक्टरांकडे जा.

चांगल्या बैठकीत मांड्यांना खालून आधार मिळतो. नव्या टूरिंग कयाकमध्ये बैठकीची पुढची बाजू दोरीने किंवा पट्ट्याने वर उचलता येते. ही सोय तुमच्यासाठी फार मोलाची आहे. मांडीचा निम्मा भाग टेकला की हाडांवरचा भार वाटला जातो. होडीत ही सोय नसेल तर टॉवेलची गुंडाळी किंवा अर्धी हवा भरलेली ड्राय बॅग, म्हणजे पाणबंद पिशवी, मांड्यांखाली सरकवा. मित्राच्या होडीत हा प्रयोग उद्याच करून बघा. नुसत्या एवढ्यानेही पाऊण तासाचे दोन तास होऊ शकतात.

पाठीच्या टेक्याबाबत दुकानात हमखास फसायला होतं. उंच, गुबगुबीत, खुर्चीसारखा टेका दुकानाच्या फरशीवर सुखाचा वाटतो. पाण्यावर तोच आड येतो. वल्हं मारताना कमरेपासून खांद्यापर्यंत धड वळलं पाहिजे, आणि उंच टेका नेमकं तेच अडवतो. स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालायचं झाकण, घातला की तो टेक्यात अडकतो. पाण्यात पडल्यावर मागच्या डेकवरून, म्हणजे होडीच्या वरच्या झाकलेल्या पाठीवरून, सरपटत परत आत यायचं असतं, तेव्हाही टेका मध्ये येतो. टेका कमरेच्या खालच्या भागाला लागावा आणि कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोबणीच्या, मागच्या कडेच्या फारसा वर जाऊ नये. त्याच्यावर रेलून बसायचं नसतं. कंबर मागे घसरू नये एवढंच त्याचं काम. आरामखुर्चीसारखं रेललात की कणा वाकतो आणि तासाभरात पाठ भरून येते.

फूटपेगवर तळव्याचा पुढचा भाग टेकवा, टाचा आत, गुडघे किंचित वाकलेले आणि बाहेर. गुडघ्याच्या जरा वरचा भाग डेकच्या खालच्या टेक्याला सहज लागला पाहिजे. सतत दाबून धरायचा नाही, हवा तेव्हा लागावा. बरेच जण भीतीपोटी पेग इतके जवळ घेतात की पाय कायम रेटलेले राहतात. त्याने पाय लवकर बधिर होतात. एक खाच लांब करा. आणि वल्हं मारताना ज्या बाजूला मारता त्या बाजूचा पाय दाबा, दुसरा सैल सोडा. रक्त खेळतं राहतं आणि होडीला जोरही मिळतो.

कमरेच्या दोन्ही बाजूंना बैठकीच्या भिंतीपर्यंत एकेक बोट जागा असावी. पूर्वी ग्रीनलंडमधले इन्युइट शिकारी आपली कयाक अंगाच्या मापाने बांधत: लांबी दोन्ही हात पसरून होणाऱ्या वावेच्या सुमारे तिप्पट, कॉकपिटपाशी होडीची रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी, खोली एक मूठ आणि उभा अंगठा. लाकडाचा सांगाडा आणि वर सीलचं कातडं. ती होडी दुसऱ्याला नीट बसायचीच नाही. आपण कारखान्यातून तयार होडी घेतो, म्हणून उरलेलं माप फोमच्या गाद्यांनी भरून काढायचं. पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम घ्या, धारदार सुरीने कापा, खरवडून आकार द्या आणि आधी चिकटपट्टीने लावून दोन सफरी करा. जमलं तरच कायमचा चिकटवा. माझ्या स्वतःच्या पहिल्या होडीत मी दोन हंगाम तोल जातो म्हणून झुरत होतो आणि ती विकायला काढली होती. शेवटी दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर फोम लावला आणि तीच होडी पुढे अकरा वर्षं वापरली. बैठकीत मी इकडून तिकडे सरकत होतो, आणि त्याचा दोष होडीला देत होतो.

आता तोलाकडे वळू. स्थिरता दोन प्रकारची असते आणि दुकानात पहिलीच तेवढी कळते. सपाट पाण्यावर शांत बसल्यावर होडी किती घट्ट वाटते ती प्राथमिक स्थिरता. होडी एका कुशीवर झुकल्यावर ती तिथे किती भक्कम धरते आणि परत यायला किती जोर लावते, ती दुय्यम. सपाट बुडाची रुंद होडी सुरुवातीला टेबलासारखी वाटते, पण एका ठराविक कोनापर्यंतच. त्यापुढे ती फारशी सूचना न देता पालथी होते. किंचित व्ही आकाराचं किंवा उथळ कमानीचं बूड आणि वर जरा बाहेर फाकलेल्या कुशी असलेली होडी सुरुवातीला हलकीशी डोलते, पण झुकवली की कुशी पाण्यात बसते आणि धरून ठेवते.

लाटेत फरक पडतो तो असा. सपाट, रुंद होडी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहायला बघते. पृष्ठभाग आडवा असतो तोवर हे छान. बाजूने लाट आली की पृष्ठभागच तिरका होतो, आणि होडीही त्याच्याबरोबर तिरकी होते. तुम्हाला तिच्याशी झगडून सरळ राहावं लागतं. गोलसर किंवा उथळ व्ही बुडाची होडी लाट खालून जाऊ देते. म्हणून ३० इंच रुंदीची होडी ‘उलटतच नाही’ हे छोट्या तळ्यापुरतं खरं आहे. तुम्ही खाडी आणि किनारा म्हणता आहात. तिथे ती तुम्हाला दमवेल, आणि वाऱ्यात वेळेवर परत यायला तिचा वेग पुरणार नाही.

पण रुंदी क्षुल्लक आहे असं मात्र समजू नका. पाण्याच्या रेषेवरची रुंदी होडीला सावरणाऱ्या जोरात घनाच्या प्रमाणात उतरते. बाकी सगळं सारखं ठेवून ५६ सेंटीमीटरच्या जागी ६१ केली, तर पाण्याच्या पातळीवरच्या त्या आकाराची तोल धरायची ताकद जवळपास ३० टक्क्यांनी वाढते. म्हणजे २२ इंच आणि २४ इंच यांत कागदावर दोनच इंच असले तरी बुडाखाली ती वेगळी होडी असते. तुम्ही २१ इंचात घाबरलात म्हणून थेट ३० वर जायची गरज नाही. २३ ते २४.५ इंचांत तुमचं काम होईल.

याहूनही दुर्लक्षित आकडा बैठकीच्या उंचीचा. कयाकमध्ये सगळ्यात जड वस्तू म्हणजे तुम्ही स्वतः. २५ किलोच्या होडीत ८८ किलोचा माणूस बसतो. बैठक २ सेंटीमीटर वर केली तर सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य दीड सेंटीमीटरहून जास्त वर जातो. आणि टूरिंग कयाकमध्ये तोलाचं सगळं गणित काही सेंटीमीटरांतच असतं, म्हणून एवढ्यानेही होडी बदलल्यासारखी वाटते. पाठीसाठी, नितंबांसाठी म्हणून लोक जाड जेलची गादी खाली घालतात आणि मग होडी डुगडुगते म्हणून तक्रार करतात. आराम हवा असेल तर मांडीखाली आधार द्या, बुडाखाली उंची वाढवू नका. उलट तुमच्या मित्राच्या होडीची बैठक काढता येत असेल तर तिथे एक सेंटीमीटरचा पातळ फोम टाकून बसून बघा. तुम्हाला फरक लगेच जाणवेल. सिट-ऑन-टॉप प्रकारच्या कयाक रुंद का असतात याचंही उत्तर इथेच आहे: त्यात माणूस पाण्याच्या वर बसतो, म्हणून रुंदी द्यावीच लागते.

रुंद होडी वाईट, असं मी म्हणत नाही. हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने १९५६ साली अटलांटिक ओलांडला तो क्लेपर कंपनीच्या कापडी घडीच्या कयाकमधून, ७२ दिवसांत. ती होडी जवळपास ८७ सेंटीमीटर रुंद होती आणि दोन्ही कुशींत हवेच्या नळ्या होत्या. तरीही वादळात ती दोनदा उलटली. रुंदीने वेळ मिळतो, अभय मिळत नाही. ज्यांना घरात जागा नाही त्यांनी घडीच्या कयाकचा जरूर विचार करावा, त्या समुद्रात मवाळ असतात. तुमच्या वापराला मात्र साधी टणक होडीच सोयीची.

आता आकारमान, म्हणजे होडीच्या पोटात किती जागा आहे. इथे चूक झाली तर वरचं सगळं वाया जातं. ६० किलोच्या माणसाने मोठ्या पोटाची होडी घेतली तर ती पाण्यावर उंच तरंगते, तिची पाण्यातली रुंदी कमी भरते आणि वारा तिला पिसासारखी ढकलतो. ८८ किलोच्या माणसाने लहान होडी घेतली तर ती खोल बसते, डेकवरून पाणी वाहतं, मांड्या आवळल्या जातात. कंपन्या जो जास्तीत जास्त भार छापतात त्यात माणूस आणि सामान दोन्ही धरलेलं असतं, आणि तो आकडा होडी तरंगण्याचा असतो, नीट वागण्याचा नव्हे. मी त्याच्या दोन-तृतीयांशाच्या पुढे जात नाही. तुमचं वजन ८८, कपडे-जॅकेट धरून ९२, मुक्कामाचं सामान-पाणी २५ किलो: झाले ११७. म्हणजे छापील आकडा साधारण १७५ किलोच्या वर हवा.

अनेक कंपन्या एकच होडी दोन-तीन मापांत काढतात, हे विक्रेता बऱ्याचदा सांगत नाही, कारण त्याच्याकडे एकच माप असतं. पी अँड एचची स्कॉर्पिओ एलव्ही, एमव्ही, एचव्ही, म्हणजे लहान, मध्यम, मोठ्या पोटाची, अशी येते. डॅगरच्या स्ट्रॅटोसमध्ये एस (लहान) आणि एल (मोठी) मिळते. वाइल्डरनेस सिस्टिम्सच्या त्सुनामीत १४० ही मध्यम अंगाच्या माणसासाठी आणि १४५ ही मोठ्या अंगाच्या माणसासाठी आहे. ही दुसरी साडेचौदा फूट लांब आणि साडेचोवीस इंच रुंद असते. तुमच्या अंगयष्टीला मी १४५ किंवा तिच्या जातीची होडी आधी बसून बघायला सांगेन. घ्याच असं नाही, पण तुलनेला एक खुंटी हवी म्हणून.

एक गोष्ट रिकाम्या आणि भरलेल्या होडीची. १९७५ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या मोहिमेसाठी फ्रँक गुडमन यांनी नॉर्डकॅप ही कयाक तयार केली. मोहिमेच्या ओझ्याने भरली की ती गाजलेली समुद्री होडी आहे. रिकामी घेऊन निघालात तर नवख्याला घाम फोडते. वजन तळाशी आणि मध्याजवळ ठेवलं की बहुतेक टूरिंग कयाक स्थिर होतात. तुमच्या मित्राची १७ फुटी बहुधा याच जातीची आहे. तुम्ही ती रिकामीच वल्हवलीत. पुढच्या खेपेला दहा-दहा लिटरच्या दोन पाण्याच्या पिशव्या पुढच्या आणि मागच्या हॅचमध्ये, म्हणजे झाकणाच्या सामानकप्प्यात, बैठकीच्या जितक्या जवळ जमतील तितक्या, तळाला घट्ट बसवून ठेवा. सरकल्या तर उलट त्रास होईल.

कॉकपिटमध्ये शिरलेलं पाणी हाही स्थिरतेचाच विषय आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते जागेवर राहत नाही. होडी जिकडे झुकेल तिकडे धावतं आणि तिला आणखी झुकवतं. कोरडी असताना खडकासारखी वाटणारी होडी अर्धी भरली की सरळही ठेवता येत नाही. म्हणून पुढे आणि मागे, दोन्हीकडे पाणबंद आडव्या भिंती हव्यात, म्हणजे बल्कहेड. बऱ्याच स्वस्त, रुंद, फिरायच्या कयाकमध्ये एकच मागची भिंत असते. पाणी भरलं की पुढचं टोक खाली जातं आणि दोन माणसांनाही ती रिकामी करता येत नाही. मागची भिंत बैठकीच्या अगदी पाठीशी असावी. पाय जिथे पोहोचतात त्याच्या जरा पुढे पुढची भिंत असावी. मधलं पोट जितकं लहान, तितकं पाणी कमी. ३० इंची होडीचं कॉकपिट मोठं असतं, आणि ती सुरक्षित म्हणून विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो. माझ्या एका विद्यार्थ्याने तशी होडी घेतली होती. किनाऱ्यापासून चारशे मीटरवर ती भरली. दोन होड्यांनी मिळून आम्ही ती ओढत आणली, तेवढ्यात त्याला थंडीने हुडहुडी भरली होती. त्याने नंतर कयाक सोडूनच दिली. एवढ्या हौसेने आलेला माणूस चुकीच्या होडीमुळे गेला, हे मला अजून लागतं.

कॉकपिटचं तोंड कुलपाच्या भोकासारखं, म्हणजे मागे गोल आणि पुढे निमुळतं असावं. साधारण ८५ सेंटीमीटर लांब आणि ४२-४३ रुंद. त्यात आधी बसून मग पाय आत घेता येतात, गुडघ्यांना त्रास होत नाही, आणि पुढच्या कडेखाली मांड्यांचा टेका मिळतो. ५२ व्या वर्षी जुन्या पद्धतीचं छोटं गोल तोंड घेऊ नका. बुटांचं मापही सोबत न्या. पाय मोठे असतील तर पुढचं डेक बसकं असलेल्या होडीत बोटं वर टेकतात आणि पाऊल मुरगळून ठेवावं लागतं, हे दुकानात अनवाणी बसल्यावर लक्षात येत नाही.

लांबीबद्दल थोडक्यात. होडीच्या वेगाची एक ढोबळ मर्यादा पाण्यातल्या लांबीवरून निघते: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. १४ फुटांना ५ नॉट, १६ फुटांना साधारण ५.४. आपण दिवसभर वल्हवतो ते ३ ते ३.५ नॉटने, ताशी साडेपाच ते साडेसहा किलोमीटर. त्या वेगात लांब होडीचा फायदा फार थोडा, उलट पाण्यात बुडालेलं जास्त अंग ओढावं लागतं. मुक्कामाचं सामान, सरळ चाल आणि वळणं यांचा मेळ साडेचौदा ते साडेपंधरा फुटांत बसतो. १७ फुटी होडी वाईट नाही, पण ती गाडीवर चढवणं, अरुंद खाडीत वळवणं, कोपऱ्यात ठेवणं या सगळ्यात तिच्या लांबीची किंमत मोजावी लागते.

चालती कयाक वाऱ्याकडे तोंड वळवते. पुढचं टोक पाणी कापत असल्यामुळे जखडलेलं राहतं आणि मागचं सुटं, त्यामुळे बाजूचा वारा मागचं टोक ढकलतो. त्याला आवर घालायला मागे स्केग हवी किंवा सुकाणू. स्केग म्हणजे बुडातून खाली सोडायचं न वळणारं पातं. ते थोडं, अर्धं, पूर्ण सोडून होडी सरळ ठेवता येते. सुकाणू पायाने वळतं. मला स्केग आवडते, कारण सुकाणूच्या काही रचनांत फूटपेग सरकते असतात आणि पाय घट्ट टेकता येत नाहीत. तोलासाठी तळपाय ज्यावर टेकायचा तीच जागा हलती, हे मला पटत नाही. सुकाणूच घ्यायचं असेल तर पेग स्थिर आणि वरची फक्त बोटांची पट्टी हलणारी, अशी रचना बघा. वाऱ्यात एका बाजूला शंभर वल्ही जास्त मारून खांदा धरला की लोक बैठकीला दोष देतात, म्हणून हेही आरामाच्याच हिशेबात धरा.

साहित्याचं म्हणाल तर पहिली होडी पॉलिइथिलीनची, म्हणजे चिवट प्लॅस्टिकची, घ्या. खडकावर घासली तरी चालते. साडेचौदा फुटांची २४ ते २७ किलो भरते. फायबरग्लास हलकी, जलद, पण जपावी लागते. केवलर-कार्बन आणखी हलकी. उष्माघडणीच्या, म्हणजे तापवून साच्यावर बसवलेल्या, प्लॅस्टिकची कयाक पॉलिइथिलीन आणि फायबरग्लास यांच्या मध्ये बसते आणि वय झालेल्या खांद्यांना ती खूप सोयीची पडते. होडी तुम्ही एकटे उचलून गाडीवर ठेवू शकता का, हे घेण्याआधी प्रत्यक्ष करून बघा. जी उचलवत नाही ती वापरली जात नाही.

वल्ह्याची लांबी होडीच्या रुंदीवर ठरते. २४ इंची होडीत तुमच्या उंचीला २२० ते २३० सेंटीमीटर पुरेल. ३० इंची घेतलीत तर २४० लागेल, आणि लांब वल्ह्याचा भार खांद्यावर येतो.

आता चाचणी. फरशीवर बसून होडी विकत घेऊ नका, पाण्यावर किमान पाऊण तास बसा, कारण तुमचा पाय पाऊण तासानेच बधिर होतो. जीवरक्षक जॅकेट घालून, कमरेइतक्या पाण्याजवळ, सोबत कुणाला तरी घेऊन. आधी वल्हं मांडीवर ठेवून नुसते स्वस्थ बसा आणि मान वळवून मागे बघा, एका खांद्यावरून, मग दुसऱ्या. इथे थरथर जाणवली तर घाबरू नका, पण लक्षात ठेवा. मग एक गुडघा उचलून होडी एका कुशीवर दहा-पंधरा अंश झुकवा आणि धरून ठेवा. होडी तिथे एखाद्या खांद्यासारखी टेकू देते आहे की घसरते आहे? माझ्या मते हीच चाचणी सगळ्यात खरी. पाण्याची पिशवी हॅचमध्ये घालून पुन्हा करा. एखादी मोटरबोट जाऊ द्या आणि तिच्या लाटेला मुद्दाम बाजू द्या. खांदे सैल, कंबर सैल. शेवटी उथळ पाण्यात मुद्दाम उलटून बाहेर या आणि मदतनिसाच्या आधाराने परत आत चढा. मागच्या डेकवरून छाती घासत जाताना टेका, हॅचचं झाकण, दोऱ्या काय काय आड येतं ते तेव्हाच कळतं. हे करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी होडी घेत नाही.

पहिल्या दहा मिनिटांच्या भावनेवर निर्णय घेऊ नका. दहा-बारा तास वल्हवल्यावर बहुतेकांची कंबर आपोआप सैल होते, आणि ‘घट्ट’ म्हणून घेतलेली होडी त्यांना जड आणि बथ्थड वाटू लागते. म्हणून पहिल्या दिवशी किंचित डोलणारी पण कुशीवर भक्कम धरणारी होडी निवडा. उलट पहिल्या पाऊण तासात जिथे दुखलं, रुतलं, बधिर झालं, ते मात्र सवयीने जात नाही. तिथे कंबर-मांडीचा जोड जुळवता आला तर जुळवा, नाहीतर दुसरी होडी बघा.

जुनी होडी मिळत असेल तर सकाळच्या उजेडात तिला उलटी करून बघा. बैठकीखाली बूड आत दबलेलं नसावं. पॉलिइथिलीनची होडी उन्हात पट्ट्यांनी आवळून ठेवली तर बूड पोचे पडून लाटेरी होतं, आणि मग ती सरळही जात नाही. प्रत्येक हॅचमध्ये एकदा बादलीभर पाणी ओतून ते दुसऱ्या बाजूला झिरपतं का ते पाहा. स्केगची दोरी किंवा तार पूर्ण खालीवर होते ना, फूटपेग दोन्ही बाजूंना शेवटच्या खाचेपर्यंत सरकतात ना, आणि बैठकीचे बोल्ट गंजलेले नाहीत ना, एवढं तपासा. ओरखडे सोडून द्या, ते सगळ्यांच्या बुडाला असतात. घासून केसाळ झालेलं मागचं टोक मात्र बोटाने दाबून बघा; तिथे प्लॅस्टिक पातळ झालं असेल तर ते आत दबतं.